शुअरच्या पुढं काय

उदगीरला, डाळ मिलच्या वरच्या मजल्यावर
माझा बारावीचा इंग्रजीचा क्लास होता.
खाली तूर भरडायची, वर मी.
खडूची धूळ कुठली न् टरफलाची कुठली
हे रात्री रुमाल बघितल्यावर कळायचं.

त्या दिवशी विशेषणं होती.
साधी नव्हेत, ज्यांना शेपूट लागतं ती.
टॉल म्हटलं की भागतं. पोरगं उंच, विषय संपला.
पण अफ्रेड म्हणून थांबलात
तर समोरचा बघत राहतो तोंडाकडं.
कशाला? काय होईल म्हणून?
फळ्यावर लिहिलं:
अफ्रेड टू आस्क, विचारायला भितो.
अफ्रेड दॅट, भीती, की आता काहीतरी होणार.
अफ्रेड ऑफ, आणि पुढं सरळ एक नाम:
कुत्रं, काका, गणित.
टूमधल्या भीतीनं पाय उंबऱ्यातच अडतो,
दॅटमधली घरभर फिरून येते,
असलं काहीबाही मी बोलायचो.
ह्याला बोर्डात मार्क नव्हते.

शिवलिंग बिराजदार मागच्या बाकावरून म्हणाला,
सर, इंग्रजीत माणूस स्वतःच भीती असतो काय?
आय ॲम अफ्रेड. मी आहे.
आपल्याकडं तर भीती वाटती. मला.
कुठून तरी येती, बसती, जाती.
मी म्हणालो, बस खाली.

रेडी टू सेलला वर्ग हसला.
म्हातारा विकायला तयार आहे.
मराठीतही तीच गोची.
विकणारा म्हातारा, का विकला जाणारा म्हातारा,
ते मोंढ्यात उभं राहूनच ठरवावं लागतं.

मग शुअर.
समोर दिसली ती उदाहरणाला घेतली:
तहसीन इज शुअर टू पास.

तहसीन मणियार, चौबाऱ्याजवळच्या बांगडीवाल्यांची,
वहीचा एक कोपरा न दुमडलेली,
उभी राहिली.
सर, ह्यात शुअर कोण आहे?
तू की, म्हणालो. कर्ता तूच.
मैं तो नहीं हूँ, ती म्हणाली. मग मराठीत,
मला तर रोज वाटलालंय की नापास होते मी.
शुअर तुम्ही आहात सर.
नाव माझं लावलंय.

खाली मिलचा आवाज होता.
ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

पुस्तकात होतं की ते. अठरा वर्षं शिकवत होतो
आणि वाचलं नव्हतं.
शुअर दॅट म्हटलं तर खात्री तिची,
शुअर टू म्हटलं तर बोलणाऱ्याची.
ती नुसती वाक्याच्या तोंडाशी बसवलेली,
पाहुण्यांपुढं बसवतात तशी.

त्या रात्री डबा उघडला न् आठवलं,
धाकटीला अहमदपूरला दिली तेव्हा
व्याह्यांच्या ओसरीवर मीच म्हणालो होतो,
सुखात राहणार ती. नक्की.
नक्की कोण होतं तिथं?
ती आत पाटाला हळदकुंकू लावत होती.
तिला विचारायला, अफ्रेड टू आस्क,
हे उदाहरण मी कधी वर्गात दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं वाक्य तसंच होतं.
कुणीतरी टूवर बोट फिरवून ठेवलेलं,
अर्धवट पुसलेलं.
मी डस्टर घेतला, ठेवला,
आणि लेटर रायटिंग सुरू केलं.

तहसीन पास झाली. चौसष्ट.
म्हणजे वाक्य खरं निघालं.
शिवलिंग म्हणाला, बघा, सर बरोबर होते.
वाक्य खरं निघणं वेगळं, हे त्याला
मला नीट सांगता आलं नाही.

ती पेढे घेऊन जिना चढून आली,
ओढणीला तुरीचं टरफल चिकटलेलं.
विचारलं, आता पुढं?
आय ॲम नॉट शुअर व्हेदर, म्हणाली
आणि थांबली.
रिकाम्या जागा भरा,
हा माझा हातखंडा प्रश्न.
खाली हमाल पोती मोजत होते,
चौतीस, पस्तीस.
मी पेढा घेतला
आणि ती जागा तशीच राहू दिली.